पेवाचं तोंड

फरशी पुसणं हे आमच्या आईचं खातं. गुडघे कुरकुरतात, तरी ती दुसऱ्या कुणाच्या हाती फडकं देत नाही, आणि पुसून झालं की फरशी वाळेपर्यंत दारात पहाऱ्याला उभी राहते. त्या दिवशी तिला वाळलेल्या फरशीवर ठसे दिसले. बाहेरच्या दारापासून अप्पांच्या कॉटपर्यंत. पाणी म्हणावं तर मोरी दुसऱ्या बाजूला. शिवाय सगळे ठसे एकाच पायाचे, उजव्या, आणि तेही अख्ख्या पावलाचे नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जो उंचवटा असतो तेवढ्याच जागेचे, रुपयाएवढे. "अहो, कशात पाय घातलात?" अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पाय उलटा करून बघितला, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. पंच्याहत्तरीत पोट सांभाळून स्वतःचा तळवा बघणं ही सर्कसच. "घाम असेल," म्हणाले. आईनं एका ठशावर बोट फिरवलं, वास घेतला आणि मला फोन लावला.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, माहेर गावभागात. स्कूटरवरून पोचेपर्यंत अप्पांनी उपचार उरकला होता. जखमेत हळद ठासून भरलेली, वर जुन्या धोतराची चिंधी.

"दुखतंय का?"

"दुखत असतं तर सांगितलं नसतं का? काय नाही ते."

हळदीबद्दल अप्पांशी वाद घालायचा म्हणजे भटजीला मंत्र शिकवायचे. छत्तीस वर्षं ते मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी होते. आमच्या लहानपणी घरातली प्रत्येक गोष्ट थोडी पिवळी असायची. शर्टाची कॉलर, वहीचे कोपरे, अप्पांच्या टाचांच्या भेगा. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीत असे पेढे वाटले की जणू यांनाच पद्मश्री मिळाली. निवृत्तीनंतरही रोज सकाळी यार्डात जाऊन सौदे बघायचे. काम काही नाही. हळकुंड उचलायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा, "बरी आहे" म्हणून टाकून द्यायचं, की दिवस सार्थकी. "हळद लावलीय" हे सांगलीतलं असं कोर्ट आहे की त्यावर अपील नाही.

बूट मी झटकला तेव्हा त्यातून हळकुंडाचा एक तुकडा पडला. नखाएवढा, सुकून दगड झालेला. आदल्या दिवशी यार्डात कधीतरी तो कॅनव्हासच्या बुटात शिरला असणार. त्यावर अप्पा चार तास हिंडले, हरिपूर रस्त्यानं चिंचांच्या सावलीतून चक्कर मारून आले, चहा प्यायले, घरी आले. तुमच्या-माझ्या बुटात तांदळाचा दाणा गेला तर दहा पावलांत आपण विजेच्या खांबाला धरून उभे राहतो.

पुढचे तीन आठवडे आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. जवळच्या एका दवाखान्यात रोज पट्टी. रोज धुवायचं, मलम, कापूस, पट्टी, शंभर रुपये. आणि पट्टी करून अप्पा त्याच पायावर चालत घरी यायचे. कुणी, अगदी कुणीही, "ह्या पायावर उभं राहू नका" असं म्हटलं नाही. आम्हालाही सुचलं नाही. मग एका रात्री थंडी वाजून ताप आला, पाऊल टोमॅटोसारखं तांबडं झालं, साखर 380 वर गेली. तेव्हाही दुखत नव्हतं.

सांगलीच्या माणसाचं दुखणं वाढलं की त्याला मिरज आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वॉनलेस डॉक्टरांनी मिरजेत मिशनचा दवाखाना उभा केला तेव्हापासून ही सवय आहे. खाली कर्नाटकातनंही माणसं गाडी भरून येतात. आम्ही गेलो तिथली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिनं स्टूल पुढे ओढलं आणि अप्पांचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. अप्पा असे अवघडले की पाय मागेच ओढायला लागले. परक्या मुलीच्या मांडीवर पाय! तिनं तो धरून ठेवला. आधी हळद धुऊन काढली, त्याला बराच वेळ लागला. धुताना म्हणाली, हळदीचे गुण असतील ते असोत, डब्यातली पूड काही निर्जंतुक नसते. आणि मुख्य म्हणजे पिवळ्याखाली लाली झाकते, पू झाकतो. बघणाऱ्याला आंधळं करते.

मग तिनं एक बोथट टोकाची स्टीलची सळई घेतली आणि जखमेत घातली.

जखमेचं तोंड वाटाण्याएवढं होतं. सळई आत गेली, वळली, बाजूला सरकली. माझ्या पोटात कालवलं. अप्पा मान पुढे काढून बघत होते. शेजारच्याच्या पायाचं काहीतरी चाललंय आणि आपण गंमत बघतोय, तसे. सळई हाडाला टेकते का ते ती चाचपत होती. टेकली असती तर जंतू हाडात शिरल्याची शक्यता मोठी, आणि मग मामला वेगळा. टेकली नाही. बाहेर काढून तिनं मोजली, अडीच सेंटीमीटर. अप्पा म्हणाले, "पेव आहे की हे!"

डॉक्टर पुण्याची, तिला पेव माहीत नव्हतं. अप्पांना तेवढंच हवं होतं. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असतात, त्यांची सगळी हकिगत त्यांनी टेबलावर पडल्या पडल्या तिला ऐकवली. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल असं, आणि पोट माठासारखं, त्यात पोतीच्या पोती. तोंड दगड-मातीनं बंद केलं की वरून जमीन सपाट. वरून बैलगाडी गेली तरी कळायचं नाही की खाली एवढा ऐवज आहे. उघडताना आधी कंदील सोडायचा. विझला तर आत हवा खराब, उतरायचं नाही. आणि 2005 च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा कित्येक पेवं आतनं कुजली. "वरून काही दिसत नव्हतं," अप्पा म्हणाले आणि मग एकदम गप्प झाले.

त्यानंतर ती चाचणी. पेनासारख्या दांडीला नायलॉनचा एक जाड धागा. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोब्बर 10 ग्रॅमचा भार पडतो. अप्पांनी डोळे मिटायचे आणि लागलं की "हो" म्हणायचं. अंगठा. "हो." बोटांच्या मागचा उंचवटा. "हो." टाच. "हो." मला हायसं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, तिनं धागा हवेत धरला होता, पायापासून वीतभर लांब. "कळलं का?" "हो," अप्पा म्हणाले. ती माझ्याकडे बघून हसली नाही, हे मला फार आवडलं. अप्पा खोटं बोलत नव्हते. चांगल्या विद्यार्थ्यासारखे पास व्हायला बघत होते.

तर दुखत का नव्हतं? वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नसांना, म्हणजे संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. जे तंतू सगळ्यांत लांब ते आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, आणि दोन्हीकडे, मोजे चढवल्यासारखी. अप्पांना सतरा वर्षांचा मधुमेह. साखर कधी दीडशे, कधी अडीचशे, लग्नसराईत विचारू नका. मधली दोन वर्षं त्यांना रात्री तळव्यांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. मग म्हणायला लागले की पायाला कापूस बांधल्यासारखं वाटतं. एकदा चप्पल वाटेत पायातून निसटली आणि घरी आल्यावर कळलं. आणि मग आग थांबली. आम्ही खूश! आई म्हणाली, मेथीच्या पाण्याचा गुण आला. ती आग विझली नव्हती, आग लागल्याचं सांगणारा मेला होता. हे असं पुष्कळांचं होतं, डॉक्टर म्हणाली, आणि सगळेच खूश होतात.

पण नुसतं बधिरपण जखम करत नाही. पायातले बारीक स्नायू हलवणारे तंतूही जातात, मग बोटं आकड्यासारखी वाकतात, त्यांच्या मुळाखालची मांसल गादी पुढे सरकते, आणि चालताना सगळा भार बोटांमागच्या हाडांच्या टोकांवर येतो. त्या जागी कातडी जाड होते. घट्टा. अप्पांच्या अंगठ्यामागे वर्षभर तो होता आणि ते दर रविवारी दाढीचं जुनं ब्लेड घेऊन तासायचे, पेन्सिलीला टोक काढावं तसं. घट्टा म्हणजे पायानं स्वतःच बनवलेला खडा. बुटातला खडा झटकता येतो, हा आतच चिकटलेला. त्याच्याखाली कातडी चेंगरते, रक्त साकळतं, पोकळी होते, आणि वर झाकण तसंच. म्हणजे पेव आधीच खणलेलं होतं, हळकुंडानं फक्त तोंड उघडलं. अप्पांना हे ऐकून फार बरं वाटलं. हळद निर्दोष सुटली.

घाम आणणारे तंतूही गेलेले, म्हणून पाय कोरडे, टाचांना भेगा. भेगांतून जंतू. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, तोही दरवाजाच. 2019 च्या पुरात अप्पा गुडघाभर पाण्यात अनवाणी माळ्यावरचं सामान हलवत होते. तेव्हा पायाला काही झालं नाही हे केवळ नशीब. आणि साखर चढी असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, त्यामुळे इतरांना जे खरचटणं ते यांना महिन्याचं दुखणं.

राहिला रक्तपुरवठा. डॉपलर केला, बरा निघाला. विडी पंचवीस वर्षांपूर्वी सोडली त्याचं हे व्याज. शेजारच्या कॉटवर जतकडचे एक गृहस्थ होते, त्यांचं तसं नव्हतं. अंगठा काळा पडून आले होते, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यांचीही सुरुवात नव्या चपलेच्या फोडापासून. मधुमेहात कापाव्या लागणाऱ्या पायांपैकी दर शंभरांत ऐंशीच्या वर पायांची गोष्ट अशाच एखाद्या साध्या जखमेपासून सुरू झालेली असते. देशात मधुमेहाची माणसं 10 कोटींच्या पुढे आहेत, हे आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीतलं. त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाला, कदाचित तिघांतल्या एकाला, आयुष्यात कधीतरी पायाला असा व्रण होतो. माझी स्वतःची साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, परवा 6.1 टक्के आली. काठावर. ह्या लेखात ते आणायचं नव्हतं, पण आकडे लिहिताना हात थांबला.

इलाज काय, तर प्लास्टर.

"हाड मोडलेलं नाही, प्लास्टर कशाला?" अप्पांनी कोर्टातल्या वकिलासारखं विचारलं. आधी आठवडाभर प्रतिजैविकं, घट्टा आणि सडका भाग साफ, ताप उतरला, लाली ओसरली, मगच हे. डॉक्टरनं उत्तर हिशेबात दिलं, आणि दिवाणजीला हिशेब कळतो. "दिवसाला तीन हजार पावलं टाकता ना? त्यातली दीड हजार ह्या जखमेवर. मी वरून सोनं लावलं तरी तुम्ही दीड हजार वेळा ते ठेचणार." पोटरीपासून बोटांपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लास्टर घातलं की भार सगळ्या पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो, जखमेची जागा मोकळी राहते. मलम कुठलं, पट्टी कसली, हे नंतरचं. माझे ते तीन आठवडे डोळ्यांपुढून गेले, रोजचे शंभर रुपये आणि घरी चालत येणारे अप्पा.

दर आठवड्याला मिरजेला जाऊन प्लास्टर कापायचं, बघायचं, नवं घालायचं. अप्पा कॉटवर, यार्ड बंद, सौदे फोनवर. आईच्या मते संसारातले सर्वांत त्रासाचे दोन महिने, अप्पांच्या मते तिच्या सर्वांत जास्त बोलण्याचे. नवव्या आठवड्यात प्लास्टर कापलं तेव्हा तिथे गुलाबी, पातळ, सुरकुतलेली कातडी होती, नवजात बाळाच्या टाळूसारखी. आम्ही "बरं झालं" म्हटलं. डॉक्टर "सध्या मिटलं" म्हणाली. ह्या जखमा वर्षभरात दर शंभरांत चाळीसजणांच्या परत उघडतात, म्हणून आता दर दोन-तीन महिन्यांनी पाय दाखवायचा. कधी एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, तांबडं, सुजलेलं वाटलं आणि दुखत नसलं, तर चालणं थांबवून त्याच दिवशी यायचं, आतली हाडं खचत असू शकतात.

मग चप्पल. एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. अप्पांनी ती हातात घेतली आणि खाली ठेवली. "ही महारोग्यांची चप्पल. लहानपणापासून बघतोय मी मिरजेत." खोटं नव्हतं. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, आणि ती चप्पल मुळात त्याच रुग्णांसाठी निघाली. मला वाटलं आता अडलं. डॉक्टरनं त्यांना पॉल ब्रँड नावाच्या सर्जनची गोष्ट सांगितली. 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला मिशनऱ्यांचा मुलगा, 1946 साली वेल्लोरला डॉक्टर म्हणून आला. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत. त्यानं बघितलं की रोगानं फक्त वेदना जाते. बाकीचं नुकसान चटक्यांनी, खिळ्यांनी, जखमेवर चालत राहिल्यानं होतं. काहींची बोटं तर रात्री झोपेत उंदीर कुरतडायचे आणि त्यांना जाग यायची नाही, म्हणून त्यानं रुग्णांना मांजरं पाळायला दिली. पुढे तो अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेला, आणि तिथे मधुमेहींच्या पायांत त्याला तेच व्रण दिसले. रोग दोन, पण पाय एकच. अप्पा मांजराच्या गोष्टीवर बराच वेळ गुंतले. चप्पल घेतली. गल्लीत कुणी विचारलं तर "फॉरेनच्या डॉक्टरची डिझाइन" म्हणून सांगतात.

आता घरातसुद्धा ती चप्पल पायात असते. आईला हे धर्मभ्रष्ट झाल्यासारखं वाटलं, मग तिनं घरातली वेगळी, बाहेरची वेगळी अशी वाटणी केली. देवघराच्या उंबऱ्याशी चप्पल सुटते, जाड सुती मोजे चढतात. खरा तंटा श्रावणी सोमवारी झाला. हरिपूरच्या संगमेश्वराला अप्पा चाळीस वर्षं अनवाणी जातात. उन्हात तापलेली देवळाची फरशी बधिर पाय कसा भाजून काढते त्याच्या दोन गोष्टी मी डॉक्टरकडून ऐकून आले होते. शेवटी पहाटे साडेपाचला रिक्षानं, मोजे घालून. "संगमेश्वराला काही वाटणार नाही," मी म्हटलं. "त्याला नाही वाटत गं, मला वाटतं," अप्पा म्हणाले. त्यावर मला उत्तर नव्हतं.

बाकी नेम लागले. अंघोळीचं पाणी आधी आई कोपर घालून बघते. पाय पुसताना बेचकी कोरडी करायची, खोबरेल टाचेला, बेचक्यात नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. कुरूप काढायची औषधी पट्टी बंद, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. ब्लेड मी स्वतः फेकलं. दर रात्री आई आरसा खाली धरते आणि अप्पा तळवे दाखवतात. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं ह्या माणसाचे तळवे पाहिले नव्हते. पाया पडताना वरचं पाऊल दिसतं, तळवा कोण बघतो? परवा ती फोनवर मला म्हणाली, "ह्यांच्या डाव्या तळव्यावर तीळ आहे, माहितीये तुला?" आवाजात नव्या नवरीची चोरटी खुशी होती.

आणि बूट झटकणं. हे अप्पांचं स्वतःचं, ह्यात कुणाची लुडबूड चालत नाही. उलटा करायचा, दोनदा आपटायचा, मग हात आत घालून तळ चाचपायचा, पोत्यात हात घालून माल बघावा तसा. गेल्या महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्याहून निघताना त्यांनी कार्यालयाच्या दारात आपले झटकलेच, वर माझ्या मुलाचेही झटकायला घेतले. तो लाजून लाल. "आजोबा, मला नाहीये काही, मला कळतं सगळं!" अप्पांनी ऐकलं नाही. दुसऱ्या आपटीला बुटातून भडंगातला शेंगदाणा पडला. भडंग संध्याकाळी चार वाजता वाटलं होतं, आता साडेआठ.

अप्पांनी तो उचलला, सवयीनं दोन बोटांत धरून मोडला आणि आतला रंग बघितला.

"खवट आहे," म्हणाले.